बिनउंबरठ्याची घरं

"उंबरठा बसल्याशिवाय मोल मागायचं नाही, आणि घरधन्याला कधी नाही म्हणायचं नाही."

ज्या काळच्या राजाचं नावही आता कुणाच्या लक्षात उरलेलं नाही, अशा फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी गवंड्यांचं एक गाव होतं. त्या गावात मूल बोलायला लागलं की त्याच्याकडून हे वाक्य पाठ करून घेत. मुलाने ते बिनचूक म्हटलं की त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. मुलाने 'का' असं विचारलं की गूळ परत घेत.

भिवरा नावाच्या मुलीचा गूळ बऱ्याच वेळा परत गेला होता.

नियम कळायला सोपा होता. नदीपलीकडे एक मोठी पेठ होती आणि तिथल्या व्यापाऱ्यांची घरं हे गवंडी बांधत. दगड, चुना, लाकूड घरधन्याचं, घाम गवंड्याचा. आधी जोतं, मग भिंती, मग तुळया चढवून छप्पर. सगळ्यात शेवटी दाराच्या चौकटीखाली एका अखंड दगडाचा उंबरठा. उंबरठा बसला की घरधनीण त्यावर हळदकुंकू वाही, घरधनी तो ओलांडून आत जाई आणि बाहेर येऊन गवंड्याच्या ओंजळीत सगळ्या कामाचं मोल एकदम घाली. त्याआधी एक कवडीही मागायची नाही.

हा नियम कुणी वेडाच्या भरात केलेला नव्हता. सात पिढ्यांपूर्वी गावातल्या एका गवंड्याने सगळं मोल आधीच उचललं, जोतं अर्धवट टाकलं आणि तो परमुलखात पळून गेला. पेठेने गावाला काम देणं बंद केलं. तेव्हा गावातल्या जाणत्या माणसांनी नदीच्या पाण्यात उभं राहून पेठेला हा शब्द दिला. पेठेचा विश्वास परत आला. औषध लागू पडलं होतं. रोग बरा झाल्यावरही गावाने औषध चालूच ठेवलं, एवढंच.

सात पिढ्यांत पेठ मात्र शहाणी झाली. उंबरठा बसेपर्यंत मोल द्यावं लागत नाही, हे व्यापाऱ्याला कळायला कितीसा वेळ लागतो? मग प्रत्येक घराचं एक छोटंसं काम राहू लागलं. कोनाडा जरा खाली हवा. खिडकी जरा रुंद हवी. ओटा जरा पुढे हवा. गवंडी होय म्हणत आणि पुन्हा थापी हातात घेत. ते काम झालं की दुसरं छोटंसं काम निघे. तोवर घरधनी बायकामुलांसह आत राहायला आलेला असे. दाराखाली उंबरठ्याच्या जागी वीतभर खोल खाच तशीच राही आणि तिच्यावर एक फळी टाकलेली असे. फळीखालून पावसाचं पाणी आत येई, उंदीर येत, कधी विंचू येई. म्हाताऱ्या माणसांचे पाय त्या खाचेत मुरगळत. पेठेत अशी सत्तावन्न घरं होती. भिवराने ती एका बाजाराच्या दिवशी मोजली होती.

म्हणजे मोल अडकल्यामुळे गवंडी नाखूश होते, आणि घर अडकल्यामुळे घरधनीही नाखूश होते. तरी दोघेही नियमाचं कौतुक करत.

मग गवंड्यांचं गाव जगत कशावर होतं? बायकांच्या पाट्यावरवंट्यांवर. पुरुष बांधकामावर गेले की बायका खाणीतला उरलासुरला दगड घडवून पाटे, वरवंटे, जाती करत आणि बाजारात नेऊन विकत. तिथे एका हाताने पाटा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दाणे घ्यायचे अशी रीत होती. त्या दाण्यांवर गावातल्या चुली चालत. अभिमान मात्र गावाला पुरुषांनी बांधलेल्या घरांचा होता. पारावर बसणारे थोरले बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की ही पेठ आम्ही उभी केली आहे. ते खोटं नव्हतं. सांगून झालं की ते सुनेने विकलेल्या पाट्याची भाकरी खायला घरी जात.

भिवराचा बाप सटवाजी हा नऊ गवंड्यांच्या टोळीचा म्होरक्या. त्याची टोळी अडीच वर्षं पेठेतल्या नगरशेटच्या घरावर राबत होती. जोतं, भिंती, छप्पर सगळं कधीच झालं होतं. राहिलं होतं ते छोटंसं काम, म्हणजे माडीवरची खिडकी. शेटच्या बायकोला ती पूर्वेला हवी होती, म्हणून पूर्वेला केली. शेटच्या आईला देवळाचा कळस दिसायला हवा होता, म्हणून पूर्वेची बुजवून उत्तरेला केली. मग शेटच्या भावाने सांगितलं की वारा पश्चिमेचाच चांगला. सटवाजी म्हणाला, होय धाकटे शेट. तिसऱ्यांदा भिंत फोडायला चढताना तो बांबूच्या परांचीवरून घसरला आणि त्याचा गुडघा कायमचा अधू झाला.

सटवाजीला मुलगा नव्हता. टोळीतल्या आठही जणांनी सांगितलं की ओळंबा भिवराच्या हाती द्या. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं शिशाचं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते त्याने कळतं, आणि तो ज्याच्या हाती, टोळी त्याच्या शब्दात. बापाच्या मागे फिरून फिरून भिवराला भिंतीचा कल नुसत्या डोळ्यांनी समजू लागला होता. थोरल्या बाबांनी पुष्कळ कुरकुर केली, पण कुरकुरीने सटवाजीचा गुडघा बरा होणार नव्हता. शेवटी त्यांनी भिवराला पारासमोर उभं करून नियम म्हणायला लावला आणि ओळंबा तिच्या हातात ठेवला.

ओळंब्याबरोबर एक काळजीही तिच्याकडे आली. यंदा पाटे कमी खपले होते आणि टोळीतल्या नऊ घरांचे दाणे जेमतेम होळीपर्यंत पुरणार होते. त्यानंतर काय करायचं हे सगळ्यांनी न बोलता ठरवून ठेवलं होतं. थाप्या आणि हातोडे विकायचे आणि समुद्राकाठच्या मिठागरात मजुरीला जायचं. गावातल्या दोन टोळ्या अशाच गेल्या होत्या. खाऱ्या पाण्याने दोन वर्षांत हातांची सालं निघतात, आणि साल निघालेल्या हाताला दगडाची पातळी कळत नाही. तिकडे गेलेला माणूस पुन्हा गवंडी होत नसे. भिवराला आपली टोळी मिठागरात जाऊ द्यायची नव्हती. तिला फक्त एवढंच हवं होतं.

एका दुपारी ती चुना मळायच्या घाणीपाशी बसली होती. गोल चरात दगडी चाक फिरत होतं आणि पाखऱ्या नावाचा म्हातारा बैल ते ओढत होता. त्या काळी जनावरं बोलत असत. माणसं त्यांचं ऐकत नसत, म्हणून पुढे त्यांनी बोलणं सोडून दिलं.

शेटकडून मोल आलं का, असं पाखऱ्याने विचारलं. भिवरा म्हणाली, नाही. काम संपलं की येईल.

"आणि काम कधी संपतं?"

"शेट म्हणतील तेव्हा."

बैलाने एक फेरा पुरा केला.

"मला रोज तिन्हीसांजेला वैरण टाकतात," तो म्हणाला. "सगळा चुना मळून झाल्यावर टाकू, असं अजून कुणी म्हणालेलं नाही. ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी मी खाली बसेन."

"तू बैल आहेस."

"म्हणून तर मला कुणी काही पाठ करायला लावलं नाही," पाखऱ्या म्हणाला आणि पुढचा फेरा घ्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी भिवरा नदी ओलांडून शेटच्या घरी गेली. मोलाचं तिने आधी काढलं नाही. तिने शेटची बायको, आई आणि भाऊ अशा तिघांना माडीवर बोलावलं आणि खिडकी कशाला हवी आहे, असं विचारलं. हा प्रश्न अडीच वर्षांत कुणी विचारलेला नव्हता. सगळे गवंडी 'कुठे' एवढंच विचारत आले होते. बायको म्हणाली की सकाळच्या उन्हात बसून तांदूळ निवडता यायला हवेत. आई म्हणाली की मरेपर्यंत रोज कळस दिसला की झालं. भाऊ म्हणाला की उन्हाळ्यात जीव गुदमरतो. आणि तिघांनीही वेगवेगळं सांगितलं की हे गवंडी आमचं काही ऐकतच नाहीत. ज्या गवंड्यांनी प्रत्येक शब्दाला होय म्हटलं होतं, त्यांच्याविषयी हे ऐकून भिवराला नवल वाटलं.

तिने भिंतीवर हात ठेवला. "पश्चिमेला खिडकी होणार नाही," ती म्हणाली. "आषाढातला पाऊस तिकडूनच येतो. तुमच्या गाद्यांवर पाणी येईल."

सात पिढ्यांत त्या पेठेत गवंड्याच्या तोंडून निघालेला हा पहिला नकार होता. धाकट्या शेटचा चेहरा पडला. पण भिवरा तिथेच थांबली नाही. खिडकी पूर्वेच्या भिंतीत, पण उत्तरेच्या कोपऱ्याला लागून घेतली तर ऊनही येईल आणि तिरपं पाहिलं तर कळसही दिसेल. वाऱ्यासाठी पश्चिमेला छपराच्या वळचणीखाली दोन झरोके ठेवले की झालं. तिथे पाऊस पोचत नाही. तिने कोळशाने भिंतीवर खूण करून दाखवली. शेटची आई कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, उत्तरेच्या खिडकीतून तिरप्या दिसणाऱ्या कळसाशी तिने ती खूण ताडून पाहिली आणि ती म्हणाली, "मग हे तुझ्या बापाने आधीच का सांगितलं नाही?"

"त्यांना तशी मुभा नव्हती, आजी."

मग ती खाली शेटच्या गादीपाशी गेली आणि तिने मोलाचा विषय काढला. शेट हसला. सटवाजीची पोर आता मला व्यवहार शिकवणार, असं तो मुनिमाला म्हणाला. त्याने तिला तिच्याच गावचा नियम म्हणून दाखवला, आणि तिच्यापेक्षा जास्त सुरात म्हणून दाखवला.

नगरशेट वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या कुणाचं देणं त्याने कधी एक दिवसही थकवलं नव्हतं. हे भिवराला ठाऊक होतं, म्हणूनच तिला कोडं पडलं होतं.

"शेटजी, एक खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला मोल द्यायचं जड जातं, की उंबरठा बसलेलाच नको आहे?"

शेटने हातातली लेखणी खाली ठेवली.

"उंबरठा बसला की तुम्ही गेलात," तो म्हणाला. "माझ्या वडिलांच्या घराचा उंबरठा बसला आणि पहिल्याच पावसात मागची भिंत ओली झाली. तीन वेळा निरोप धाडला. एक गवंडी नदी ओलांडून आला नाही. तुमचं मोल माझ्यापाशी आहे तोवर माझ्या हाकेला तुम्ही याल. ते दिलं की मी कोण तुमचा?"

तो खोटं बोलत नव्हता, हे भिवराला कळत होतं. वर्षानुवर्षं तिष्ठत ठेवणाऱ्या घराचं तोंड मोल मिळाल्यावर कोणता गवंडी पुन्हा पाहील? शेट मोल धरून बसला होता, कारण गवंडी परत येत नसत. गवंडी परत येत नसत, कारण शेट मोल धरून बसत.

"मग असं करू," ती शेवटी म्हणाली. "मोलाचे चार भाग. जोत्याचा एक, भिंतींचा एक, छपराचा एक. ही तिन्ही कामं झाली आहेत, तुम्ही त्यांत राहता आहात, तेव्हा हे तीन भाग आत्ता द्या. खिडकी आणि उंबरठा मी करते. चौथा भाग तुमच्यापाशीच राहू द्या. पावसाळ्यात मी महिन्याला एकदा येईन. गळलं तर बुजवून देईन, त्याचं वेगळं काही घेणार नाही. दसऱ्याला घर कोरडं असलं तर चौथा भाग द्या. आणि यापुढे तुम्हाला काही बदल हवा असला तर त्याला दिवस किती आणि मोल किती हे मी हात लावायच्या आधी सांगेन. चुकीचा असला तर नाही म्हणेन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्यापासून आम्ही येणार नाही."

"दुसरी टोळी येईल."

"येईल. ती तुम्हाला प्रत्येक गोष्टीला होय म्हणेल."

शेट पुन्हा हसला आणि त्याने तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी टोळीने परांची उतरवली. घरधन्याला सोडून आलो हे पारावर कळलं तर काय, असं टोळीतला सर्वांत वयस्क गवंडी म्हाळूकाका विचारत राहिला. भिवरा म्हणाली, कळू दे.

पंधरा दिवस तसेच गेले. नऊ घरांच्या कणग्यांचा तळ दिसू लागला. म्हाळूकाकाने आपला हातोडा बाजारात नेला, भाव विचारला आणि तो तसाच परत आणला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नेईन, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला. भिवराचं जेवणावरून मन उडालं. आपण टोळीला मिठागरात जाण्यापासून वाचवतो आहोत की तिकडेच ढकलतो आहोत, हे तिला दर सकाळी नव्याने ठरवावं लागे.

इकडे शेटने दुसरी टोळी आणली होती. ती टोळी धाकट्या शेटला होय म्हणाली, आईला होय म्हणाली आणि बायकोलाही होय म्हणाली. चौथ्या दिवशी माडीच्या भिंतींना तीन भगदाडं पडली होती आणि त्यांतलं एकही कुणाला हवं होतं तिथे नव्हतं. शेटच्या आईने मुलाला बोलावून सांगितलं की त्या नाही म्हणणाऱ्या पोरीला परत आण.

शेटने तेही ऐकलं नसतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या शहरातला लोखंडाचा एक मोठा व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन घर बघायला आला. त्याची मुलगी शेटच्या मुलाला द्यायची ठरली होती. म्हातारी दारातल्या फळीपाशी थांबली.

"माप कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

नवी नवरी घरात येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवतात आणि ती ते पायाने लवंडून आत येते. खाचेवरच्या हलत्या फळीवर कोण माप ठेवणार? शेट घाईघाईने म्हणाला की फक्त एक छोटंसं काम राहिलं आहे.

"दोन वर्षांपूर्वी भेटलो तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात," लोखंडवाला म्हणाला. "घर पुरं झालं नाही, असं साऱ्या पेठेला सांगता. मग पुऱ्या न झालेल्या घरात मी मुलगी कशी द्यायची?"

शेटने जे दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं ते व्याह्याने खरं मानलं होतं, एवढाच त्याचा अपराध.

दुसऱ्या दिवशी शेटचा मुनीम गवंड्यांच्या गावात भिवराला बोलवायला आला. आता दोरी आपल्या हातात आहे, दुप्पट माग, असं म्हाळूकाकाने नदी ओलांडेपर्यंत तिला चार वेळा सांगितलं. शेटनेही मनातून दुपटीची तयारी ठेवलेली होती. भिवराने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच सांगितलं, चार भाग आणि त्यांतले तीन आत्ता. वर फक्त तीन भगदाडं बुजवायला दिवस किती आणि मोल किती, तेही हात लावायच्या आधी सांगितलं. शेटने गादीमागची तिजोरी उघडली. ज्या माणसाने अडचणीत सापडलेल्याकडून जास्त घेतलं नाही तो पावसाळ्यातही येईल, असं त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. त्याने तीन भाग मोजून दिले.

खिडकी झाली, झरोके झाले, उंबरठा बसला. लग्न होऊन सून माप लवंडून घरात आली. नऊ घरांत दाणे आले आणि होळीनंतर त्या टोळीतून कुणी समुद्राकडे गेलं नाही.

पावसाळ्यात भिवरा ठरल्याप्रमाणे महिन्याला एकदा जाऊन घर पाहून येत असे. श्रावणात मागच्या कोपऱ्यात ओल दिसली. तिने छपराची कौलं उचलली, सांधा उकरून पुन्हा चुना भरला आणि काही न घेता परत आली. शेटच्या आईने तिला त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेट स्वतः नदी ओलांडून गावात आला आणि त्याने चौथा भाग सटवाजीच्या ओट्यावर ठेवला. पेठेतला माणूस मोल द्यायला आपणहून आला आहे, हे गावाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो वाट चुकला असावा, असं पुष्कळांना वाटलं. त्याच्याबरोबर त्याचा व्याहीही होता. लोखंडवाल्याला नवं घर बांधायचं होतं, याच पोरीकडून आणि याच रीतीने.

मग मात्र थोरल्या बाबांनी पारावर बैठक बोलावली. सगळं गाव जमलं. भिवराचे तीन अपराध सांगण्यात आले. तिने उंबरठ्याआधी मोल घेतलं होतं. उंबरठा बसल्यावरही मोलाचा एक भाग मागे ठेवला होता. आणि घरधन्याच्या घरात उभं राहून ती नाही म्हणाली होती. बाबांनी मोठ्या मनाने असंही सांगितलं की पोर लहान आहे, शिक्षा नको. तिने लोखंडवाल्याकडे जाऊन आपलं चुकलं असं सांगावं आणि त्याचं घर नियमाप्रमाणे बांधावं. नाही तर ओळंबा पारावर ठेवावा.

"सात पिढ्या आपण हा शब्द पाळला आहे, पोरी," ते म्हणाले. "पेठेत आपलं नाव आहे."

"नाव आहे, बाबा. दाणे नाहीत."

त्यांच्या शेजारचे एक आजोबा रागावून म्हणाले की काम चालू असताना मोल मागितलं की कसब हलकं होतं. भिवराने त्यांना विचारलं की आज सकाळची भाकरी कशाची खाल्लीत. सुनेने बाजारातून आणलेल्या जोंधळ्याची, असं बायकांच्या बाजूने कुणीतरी त्यांच्या वतीने सांगितलं. मग पाटा देतानाच तिने दाणे मागितले तेव्हा तिचं कसब हलकं झालं का, असं भिवराने विचारलं. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. आजोबांनी उपरणं सारखं केलं.

"आता मला एवढंच सांगा," भिवरा म्हणाली. "तुमच्यापैकी प्रत्येकाने शेवटचा उंबरठा कधी बसवला?"

एकाने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच हात मांडीखाली घेतला. एकाला अकरा वर्षं झाली होती. एकाला आठवत नव्हतं. थोरल्या बाबांनी उभ्या जन्मात सव्वीस घरं बांधली होती आणि चार उंबरठे बसवले होते. हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्या गावाला ते माहीत होतं. सटवाजी अधू पाय लांब करून कडेला बसला होता. तो मुलीकडे पाहत नव्हता, बाबांकडेही पाहत नव्हता. तो समोरच्या आठ गवंड्यांकडे पाहत होता, कारण त्यांनी होळी गावातच पाहिली होती.

"नियमाला असं विचारायचं नसतं," बाबा म्हणाले. आवाज पूर्वीइतका चढला नाही.

"मी विचारणार," भिवरा म्हणाली. "लोखंडवाल्यांचं जोतं झालं की मी जोत्याचं मोल मागणार. त्यांचं चुकलं तर त्यांच्या तोंडावर नाही म्हणणार. उंबरठा बसल्यावरही पावसाळाभर त्यांच्या घरी जाणार. ओळंबा तुम्ही हातात ठेवलात, पण मला तो टोळीने दिला आहे, बाबा. टोळीने मागितला तर या क्षणी देईन. तुम्हाला देणार नाही."

बाबांनी टोळीकडे पाहिलं. आठांपैकी एकाचाही हात पुढे आला नाही. म्हाळूकाकाने तर दोन्ही हात पाठीमागे बांधले. बाबांनी आपली काठी उचलली. इतकी वर्षं कुणी अडून बसलं की नियमाला विचारायचं नसतं हे एकच वाक्य ते म्हणत, आणि आता त्या वाक्यालाच उत्तर मिळालं होतं. पारावरची सगळी वडीलधारी माणसं त्यांच्यामागे उठून घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी लोखंडवाल्याचं जोतं आखायला निघाली. तिला कुणी अडवलं नाही. वर्षभरात बाकीच्या टोळ्याही मोलाचे चार भाग करू लागल्या, आणि पावसाळ्यात गवंडी आपण बांधलेल्या घरांत जाऊ लागले.

बोध एवढाच, की जो गिऱ्हाइकाला वेळेवर खरं सांगतो, त्यालाच वेळेवर आपलं दाम मागता येतं.